मिस फ्राँटियर मेल, व्हाया परळ

शुक्रवार संध्याकाळ. बॉसने सोडलेलं, मेल बंद केलेले, आणि आम्ही चौघं लोअर परळच्या एका मॉलमध्ये. एक गिरगावकर, दोन दादरकर आणि मी लालबागची. पडद्यावर कोट्यवधी डॉलरच्या गाड्या एकमेकींवर आदळतायत, एक तर विमानातून खाली पडली. इंटरव्हलला गिरगावकर जांभई देत म्हणाला, "सगळं कॉम्प्युटरवर केलेलं. कोणालाच काही लागत नाही यार."

त्या एका वाक्यावर हा लेख उभा आहे. कारण जिथे आम्ही अडीचशे रुपयांचे पॉपकॉर्न चघळत होतो, तिथून टॅक्सीने दहाएक मिनिटांवर (लालबागला ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे कधीच नाही) १९३६ साली एक चेसपट तयार झाला होता. मोटारी, आगगाड्या, टपावरची मारामारी, उडवलेला पूल, सगळं त्यात. आणि त्यात लागायचं ते खरंच लागायचं. स्टीअरिंगवर होती एक बाई. सिनेमाचं नाव 'मिस फ्राँटियर मेल', बाईचं नाव नादिया.

हंटरवाली हो, तीच! आपल्याकडे जरा आवाज चढवून बोलणारी मुलगी दिसली की आजही कोणीतरी "आली हंटरवाली" म्हणतंच. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं की 'हंटरवाली' हा १९३५ चा सिनेमा आहे? मलाही नव्हतं. शाळेत मला ते नाव पडलं होतं आणि मी घरी येऊन रडले होते.

नादियाचं खरं नाव मेरी अॅन इव्हान्स. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, १९०८ चा. वडील ब्रिटिश फौजेत, त्यामुळे लहानपणीच मुंबईत आली. पुढे काळा घोड्याजवळच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समध्ये सेल्सगर्ल होती, सर्कशीत होती, नाचाच्या कंपनीबरोबर गावोगाव फिरली. आजच्या भाषेत म्हणजे भरपूर जॉब बदललेला सीव्ही. मग तिची गाठ पडली वाडिया बंधूंशी. थोरले जे. बी. एच. आणि धाकटे होमी. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या जुन्या पारशी वाडियांच्या घराण्यातले. म्हणून कंपनीच्या बोधचिन्हातही जहाजच. १९३३ साली त्यांनी 'वाडिया मूव्हीटोन' काढली आणि स्टुडिओ थाटला परळच्या लवजी कॅसलमध्ये. जे. बी. एच. यांनी तिला सुचवलं, नाव नंदादेवी ठेवू आणि काळ्या केसांचा लांब वेणीचा टोप घाल. तिने सरळ नकार दिला. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात बॉसला नकार! इथेच मी तिची फॅन झाले.

'हंटरवाली' तयार झाला तेव्हा वितरक हात लावेनात. चाबूक घेतलेली गोरी, सोनेरी केसांची हिरॉइन बघायला कोण येणार? शेवटी वाडियांनीच पुढाकार घेऊन तो ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लावला आणि पंचवीस आठवड्यांच्या पुढे चालला. मग रांगच लागली. 'मिस फ्राँटियर मेल' त्याच लाटेतला, दिग्दर्शक होमी वाडिया. नाव घेतलं होतं मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या खऱ्याखुऱ्या फ्राँटियर मेलवरून. ती गाडी १९२८ साली सुरू झाली, १९९६ मध्ये तिचं नाव गोल्डन टेंपल मेल झालं.

गोष्ट साधी आहे. सविताच्या, म्हणजे नादियाच्या, रेल्वेत काम करणाऱ्या बापावर खुनाचा आळ येतो. मागे हात असतो 'सिग्नल एक्स' नावाच्या मुखवटेवाल्या खलनायकाचा. त्याला रेल्वेचं वाटोळं करायचंय, म्हणजे विमान कंपनीचं भलं होईल. (कॉर्पोरेट स्पर्धा तेव्हाही हीच होती.) तो कोण हे सांगत नाही, ऐंशी-नव्वद वर्षं जुना सिनेमा असला तरी सस्पेन्स तो सस्पेन्स. सविता व्यायाम करते, बंदूक चालवते, मोटार भरधाव हाकते. म्हणूनच तिला 'मिस फ्राँटियर मेल' म्हणतात. आणि मग ती चालत्या ट्रेनच्या टपावर उभी राहून गुंडांना एकेक करत उचलून फेकते. अक्षरशः उचलून, डोक्यावर धरून. डुप्लिकेट नाही, खाली गादी नाही.

आता प्रामाणिकपणे सांगते, यातलं बरंच आज बघवत नाही. गाणी मधेच येतात, आवाज खरखरतो, विनोदी पात्र तर फॉरवर्डच करावं लागतं. पण पाठलाग सुरू झाला की मात्र मोबाईल खाली ठेवावा लागतो. पैसे कमी, मग वेग आणायचा कुठून? त्या काळची हातखंडा युक्ती म्हणजे कॅमेरा हळू फिरवायचा. सेकंदाला सोळा चित्रं घेतली आणि पडद्यावर चोवीसने दाखवली, की तीसच्या स्पीडची गाडी पंचेचाळीसने पळते! त्यामुळे माणसं जरा टुणटुण उड्या मारल्यासारखी दिसतात, पण धूळ खरी, वळण खरं आणि टपावरून जाणारा वारा खरा. नादियाच्या सिनेमांमध्ये पुढे एक ऑस्टिन गाडीही आली, तिचं नाव 'रोल्स रॉईस की बेटी'. घोड्याचं नाव 'पंजाब का बेटा'. हिरोपेक्षा या दोघांना जास्त टाळ्या मिळत असाव्यात असा माझा संशय आहे.

हे सिनेमे सुशिक्षित घरांत 'चार आणेवाल्यांचे' म्हणून हिणवले जायचे. चार आणेवाले म्हणजे कोण? म्हणजे आम्ही. माझे पणजोबा लालबागला गिरणीत होते.

आजोबा आता नव्वदीला टेकलेत. चाळीच्या जागी टॉवर आला, त्यात एकविसाव्या मजल्यावर आम्ही राहतो. मी रविवारी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि 'मिस फ्राँटियर मेल' लावला. ते म्हणाले, "हा आम्ही परत लागला तेव्हा बघितला होता. मी आणि माई." माई म्हणजे त्यांची थोरली बहीण. जुने स्टंटपट गिरणगावात पुन्हा पुन्हा लागायचे म्हणे. वडील रात्रपाळीला गेले की माई धाकट्या भावाला घेऊन बाकड्यांच्या रांगेत. माई तेरा वर्षांची, आजोबा आठ.

"मग घरी आल्यावर ती पाण्याच्या टाकीवर चढायची," आजोबा म्हणाले, "आणि मला खाली उभं करून ओरडायची, हे..य! मी गुंड. मला उचलायचा प्रयत्न करायची. एकदा उचललंन आणि दोघं पडलो. माझं कोपर फुटलं."

त्यांनी बाही वर करून व्रण दाखवला. इतकी वर्षं मी तो क्रिकेटचा समजत होते.

टाकीवरून पडण्याचा बोभाटा झाला. सिनेमा बंद, वर्षभरात शाळाही बंद, सोळाव्या वर्षी लग्न. माई गाडीत बसली ती कायम मागच्या सीटवर. तिला जाऊन वीसेक वर्षं झाली. पडद्यावर नादिया टपावर चढली तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत. फक्त चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अशीच उभी राहायची."

आपण फॅन म्हटलं की टी-शर्ट आणि पोस्टर डोळ्यापुढे येतं. या सिनेमांचे खरे फॅन अशा टाक्यांवर उभे होते आणि त्यांचं नाव कुठेही नाही. सिनेमांचंही फार बरं झालं नाही. आपल्या दादरचे भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा, 'अलबेला'च्या (१९५१) आधी वर्षानुवर्षं कमी पैशांत स्टंटपटच काढत होते. हातात पैसा आला तेव्हा आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या बाळगणारा माणूस! त्यांचे ते स्टंटपट गोदामाच्या आगीत गेले. आपण 'अलबेला'च्या स्टेप्स लग्नात करतो, त्यांच्या उड्या मात्र कोणी बघू शकत नाही. गिरगावात मॅजेस्टिकला १९३१ मध्ये लागलेल्या 'आलम आरा'चीसुद्धा प्रिंट उरलेली नाही, तिथे चार आणेवाल्यांच्या करमणुकीला कोण जपणार?

नादिया त्या मानाने नशीबवान. जे. बी. एच. यांचा नातू रियाद वाडिया याने १९९३ मध्ये तिच्यावर 'फिअरलेस: द हंटरवाली स्टोरी' हा माहितीपट केला, तेव्हा ती हयात होती. होमींशी तिने १९६१ मध्ये लग्न केलं होतं. १९९६ च्या जानेवारीत, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. विशाल भारद्वाजच्या 'रंगून'मध्ये (२०१७) कंगनाची ज्युलिया आहे ना, तिच्यात नादियाच डोकावते. परळचा स्टुडिओ वाडियांच्या हातून १९४२ सालीच गेला होता. तिथे व्ही. शांताराम आले आणि 'राजकमल कलामंदिर' झालं. ते नाव मराठी माणसाला पाठ आहे, आधीचं नाही.

गेल्या शुक्रवारी आम्ही चौघं मॉलला गेलो नाही. आमच्याकडे जमलो, वडापाव आणले, भिंतीवर चादर लावून प्रोजेक्टरवर 'मिस फ्राँटियर मेल' बघितला. गिरगावकर, तोच जांभईवाला, टपाच्या मारामारीला सोफ्यावर उभा राहिला. आजोबांनी मोटारीच्या पाठलागाचा तुकडा तीनदा मागे घ्यायला लावला.

आता त्यांना 'हंटरवाली की बेटी' बघायचाय, १९४३ चा. तो माईने पाच वेळा बघितला होता म्हणे. बरी कॉपी कोणाकडे असेल तर प्लीज कळवा, पुढच्या शुक्रवारी वडापाव आमच्याकडून.