सातबारा म्हणजे सात डिसेंबर नव्हे

एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत इंग्रजी आकड्यांत ७/१२ टाइप करून एंटर दाबा. संगणकावर तारखेची भारतीय पद्धत असेल तर तिथे ७ डिसेंबर उमटतो, अमेरिकी असेल तर १२ जुलै. ज्या उताऱ्याचे नावच गाव नमुना सात आणि बारा यांवरून पडले, त्याची ही गत. आणि तरीही तक्त्याचा फोटो किंवा साधा मजकूर एक्सेलमध्ये घेणे म्हणजे झेरॉक्स काढण्याचाच एक प्रकार, ही समजूत पक्की आहे. झेरॉक्स यंत्र कागदावरच्या खुणांचा अर्थ लावत नाही, म्हणून ते चुकीचा अर्थही लावू शकत नाही. स्प्रेडशीटचे तसे नसते. तिथे प्रत्येक चौकटीत काय आहे, संख्या, तारीख की नुसती अक्षरे, हे कुणीतरी ठरवावेच लागते. आपण ठरवले नाही तर सॉफ्टवेअर ठरवून मोकळे होते, आणि तसे केल्याचे सांगतही नाही.

मजकूर आधीच टाइप केलेला असेल तर काम सोपे, असे वाटते. पण कागदावर रकाना डोळ्यांना दिसतो तो मोकळ्या जागेमुळे, आणि साध्या मजकुराच्या फाइलीत ती मोकळी जागा म्हणजे नुसत्या स्पेस असतात. ‘पिंपळगाव बसवंत’ या नावामधली स्पेस आणि दोन रकान्यांमधली स्पेस यांत फाइलीच्या लेखी फरक नाही. म्हणून स्वल्पविरामाने रकाने तोडणारी सीएसव्ही पद्धत आली, तर आपल्याकडे रक्कम १,२५,००० अशी लिहितात. ती अवतरणचिन्हांत बंद केली नाही की एका रकमेचे तीन रकाने होतात. पीडीएफचेही तेच. पडद्यावर नीट आखलेला तक्ता दिसतो, पण आत बहुधा तक्ता नसतोच, अमुक अक्षर पानावर अमुक ठिकाणी काढा एवढ्याच सूचना असतात. त्यातून मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेला असेल तर कॉपी-पेस्ट केल्यावर हाती रोमन अक्षरांचा कचरा येतो, कारण त्या फाँटांनी रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवले होते.

फोटोवरून अक्षरे ओळखणाऱ्या ओसीआरबद्दलचा गैरसमज अधिक महाग पडतो. नव्व्याण्णव टक्के अचूकता ऐकायला झकास वाटते, म्हणून जरा हिशेब करू. चाळीस ओळी, आठ रकाने, प्रत्येक चौकटीत पाच आकडे, असे एक पान धरा. आकडे झाले १,६००. शंभरात एक चुकला तरी १६ चुका, आणि त्या वेगवेगळ्या चौकटींत पडल्या तर ३२० पैकी १६ चौकटी, म्हणजे विसातली एक चौकट खोटी. लेखात ‘महाराष्ट्र’ऐवजी ‘महाराष्ठ्र’ छापले तर वाचणारा अडत नाही, आजूबाजूचे शब्द त्याला सावरून घेतात. आकड्याला असा शेजार नसतो. ३८,४५० च्या जागी ३३,४५० आले तर ती रक्कमही तितकीच खरी दिसते. धूसर फोटोत देवनागरी १ आणि ९ यांची गफलत सहज होते, आणि ती झाली नाही तरी युनिकोडमध्ये देवनागरी आकडे व इंग्रजी आकडे ही वेगळी चिन्हे आहेत. बेरीज करायला गेल्यावर हे आकडे मजकूर म्हणून बसले असल्याचे अनेकदा उशिरा कळते.

समजा वाचन निर्दोष झाले. तरी धोका संपत नाही, उलट इथेच तो कमी दिसतो. गट क्रमांक १२/३ चा १२ मार्च होतो, १२/४५ चा १ डिसेंबर १९४५ होतो, आणि ४०/१५ मात्र जसाच्या तसा राहतो, म्हणजे एकाच रकान्यात काही गट क्रमांक आणि काही तारखा. पुण्याचा ०२० हा कोड २० होतो. सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे पंधराच आकडे जपते. हे नवशिक्यांचे प्रमाद म्हणावेत तर जनुकशास्त्रज्ञांचे काय? ‘सेप्ट२’ या जनुकाची एक्सेलने २ सप्टेंबर ही तारीख करून टाकली होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे दोष सापडले. शेवटी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीनेच माघार घेतली आणि ‘सेप्ट२’चे ‘सेप्टिन२’ केले. सॉफ्टवेअरपुढे शास्त्राने नाव बदलावे, हा प्रकार गमतीचा खरा, पण लाजिरवाणाही. यांतली काही आपोआप रूपांतरे बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ साली दिली. फाइलीच्या आकारमानाचेही असेच. जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने कोविड चाचण्यांच्या सीएसव्ही फाइली त्या साच्यात ओतल्या आणि १५,८४१ रुग्ण दैनंदिन मोजणीतून गळाले.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, आता कृत्रिम बुद्धिमत्ता फोटो पाहून थेट तक्ता देते, मग ही जुनी रड कशाला? ती रकाने खरोखरच चांगले ओळखते, हे मान्य. पण जुने ओसीआर अडले की निदान वेडीवाकडी चिन्हे टाकायचे आणि नजर तिथे थांबायची. नवे साधन न दिसलेल्या जागी शोभेलसा आकडा लिहू शकते. चूक जितकी नीटनेटकी, तितकी ती पकडणे अवघड. दुसरा आक्षेप उलट बाजूचा : मग हातानेच टाइप करावे. माणूसही चुकतो, फक्त निराळ्या तऱ्हेने. तो ५४० चे ४५० करतो, आणि अशा उलटापालटीतला फरक नेहमी ९ ने भागला जातो, हे जुन्या हिशेबनिसांना ठाऊक होते. यंत्र ८ चा ३ करते, तिथे ही युक्ती लागू पडत नाही. पंचकार्डांच्या काळात म्हणूनच तीच माहिती दुसऱ्या ऑपरेटरकडून पुन्हा टाइप करून घेत आणि दोन्ही जुळतात का ते यंत्र पाही.

तो धडा आजही पुरतो : ताळा घ्या. मूळ कागदावर एकूण बेरीज छापलेली असेल तर तीही फाइलीत घ्या आणि एक्सेलने काढलेल्या बेरजेशी जुळवून पाहा, उभी आणि आडवी. दोन्ही ठिकाणी फरक आला तर चूक कोणत्या ओळीत व कोणत्या रकान्यात आहे हेही कळते. ओळी मोजा. मूळ फोटो टाकून देऊ नका. आणि गट क्रमांक, फोन, खाते क्रमांक यांचे रकाने आकडे भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करा. नंतर करून उपयोग नाही : ७ डिसेंबर २०२५ झालेल्या चौकटीला ‘टेक्स्ट’ केले की तिथे ४५९९८ दिसते, आणि कागदावर नेमके काय लिहिले होते ते फाइलीत कुठेच उरलेले नसते.