उन्हाने वणवा पेटत नाही, पण उन्हात तो आवरत नाही

फेब्रुवारी सरत आला की चोर्ला घाटातून ये-जा करणाऱ्यांना दरवर्षी हेच दृश्य दिसते. काल पिवळे दिसलेले उतार आज काळे पडलेले असतात. रात्री लांबच्या डोंगरावर आगीची रांग सरकत असते आणि बसमध्ये कुणीतरी म्हणते, "ऊन बघा किती पडलंय, डोंगर आपोआप पेटायला लागले." हे 'आपोआप' जरा तपासून बघायला हवे. वणवा आपोआप लागतो असे एकदा मानले, की तो रोखणे कुणाचेच काम उरत नाही.

मार्च २०२३ मध्ये काय घडले?

२०२३ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. मार्च उजाडताच कोकण-गोव्यात उष्णतेच्या लाटेचे इशारे आले. किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर गेला, की हवामान खाते उष्णतेची लाट आल्याचे धरते. शिमग्याच्या तोंडावर, ५ मार्चपासून, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्याच्या परिसरात आगी लागायला सुरुवात झाली. दहा-बारा दिवसांत सत्तरहून अधिक ठिकाणी आगीची नोंद झाली. शेवटी नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलावून वरून पाणी टाकावे लागले. सुमारे चार चौरस किलोमीटर क्षेत्राला झळ बसल्याचा वनखात्याचा अंदाज होता.

ऊन काय करते, काय करत नाही

वाळलेले गवत पेटायला साधारण अडीचशे ते तीनशे अंश उष्णता लागते. भर दुपारी तापलेला कातळ हाताला चटका देतो, पण तोही साठ-सत्तर अंशांच्या फारसा वर जात नाही. म्हणजे नुसत्या उन्हाने गवत पेट घेत नाही. बांबूवर बांबू घासून वणवा लागतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा खात्रीशीर पुरावा नाही. पावसाळ्याआधी वीज पडते, पण तिच्यासोबत बहुतेक वेळा पाऊसही येतो.

उरतो तो माणूस. काजूच्या बागेत पालापाचोळा साफ करून लावलेली काडी, शेतात भाजलेला राब, मध काढायला केलेला धूर, शिकारीसाठी लावलेली आग, घाटात गाडी थांबवून केलेली चूल, न विझवता फेकलेली विडी. बहुतेक वणव्यांची सुरुवात यांपैकीच कशातून तरी होते. कधी विजेच्या तारांची ठिणगीही पुरते.

मग उन्हाचा दोष काय? ऊन इंधन तयार करते. जाड ओंडका वाळायला महिने लागतात, गवताच्या काडीला तास-दोन तास पुरतात. सकाळी दवाने ओले असलेले गवत दुपारी कुरकुरीत होते. त्यात या दिवसांत घाटमाथ्यावरून पूर्वेचा कोरडा वारा खाली गोव्याकडे वाहतो. तो जोरात असला की समुद्रावरचा दमट वारा उशिरा आत येतो आणि तापमान चढते. जी ठिणगी डिसेंबरात जागीच विझली असती, ती मार्चच्या दुपारी डोंगर पेटवते.

आग डोंगर का चढते?

चुलीत लाकूड तिरके धरले की ज्वाळा वरच्या अंगाने चाटत जाते. उतारावरही तसेच घडते. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकते, ते आधीच तापते आणि पटकन पेट घेते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. दिवसा तापलेल्या उतारांवरून वारा वर चढतो, रात्री तो खाली उतरतो. त्यामुळे दुपारी सत्तरीच्या अंगाने पेटलेली आग कणकुंबीच्या माथ्याकडे चढू शकते आणि रात्री माथ्यावरची आग खाली येऊ शकते. गोव्याचे म्हादई, खानापूर तालुक्यातले भीमगड आणि दोडामार्गकडचे तिळारी ही रानं एकमेकांना लागूनच आहेत. राज्याची हद्द नकाशावर असते, आगीला ती ठाऊक नसते.

परदेशातल्या बातम्यांत आठवडेच्या आठवडे जळणारे माळ दिसतात. जून २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळचा सॅडलवर्थ मूर पेटला, तेव्हा लष्कराला बोलवावे लागले होते. तिथल्या माळाखाली पीट असते, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर. वरची आग विझली तरी तो आतून धुमसत राहतो. आपल्या सड्यावर मात्र जांभा दगड आणि वर वीतभर माती. इथे आग आत शिरत नाही, वरवर धावते आणि एकेक उतार बघता बघता संपवते.

हीच खरी अडचण आहे. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाच्या आधारे आगीचे इशारे येतात, पण ते उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातात. इशारा येईपर्यंत गवताचा उतार जळून गेलेला असतो. अग्निशामक दलाची गाडी सड्यावर पोहोचत नाही. गवताच्या आगीचा निकाल पहिल्या पाव तासात लागतो. खरे तर त्याच्याही आधी, डिसेंबर-जानेवारीत.

'जाळल्यावर गवत चांगले येते' हे खरे का?

अर्धे खरे. जुने वाळके गवत जाते, राखेतून थोडे खत मिळते, नवे कोंब लवकर नजरेस पडतात. सड्यावरच्या अनेक वनस्पतींचे कंद जमिनीखाली असल्याने तेही वाचतात. म्हणून जुनी माणसे जाळत आली, त्यात त्यांचा मूर्खपणा नव्हता.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. गवतातला नत्र धुरासोबत उडून जातो. जमीन उघडी पडते आणि जूनमध्ये घाटावरचा पहिला जोराचा पाऊस राखेसोबत मातीही खाली नेतो. टिटवी, चंडोल यांची घरटी जमिनीवरच असतात आणि नेमका हाच त्यांच्या विणीचा काळ. शिवाय आग गवतापाशी थांबत नाही. ती काजूच्या बागेत शिरते, गवतगंजीला लागते. सात-आठ वर्षे वाढवलेले कलम एका दुपारी जाते.

आधी काय करायचे?

बागेच्या आणि गंजीच्या भोवती थंडीतच जाळरेषा काढा. गवत-पाला खरवडून जमीन उघडी केलेला रुंद पट्टा, जो ओलांडायला आगीला काही खायलाच मिळत नाही. बागेतला पाला जाळण्याऐवजी झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून घाला, मात्र कडेच्या पट्ट्यात तो ठेवू नका. जाळणे टळतच नसेल, तर दुपारी आणि वाऱ्यात कधीच नको. दव असताना, पहाटे, चार माणसे आणि पाणी जवळ ठेवून, शेजाऱ्याला आणि वनखात्याला कळवून करा. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने आणि अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

आग समोर आली तर?

११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचा एक गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. म्हणून हे लक्षात ठेवा: आगीच्या पुढे, चढावर पळू नका, ती तुमच्यापेक्षा वेगाने चढते. आडव्या दिशेने बाजूला व्हा. आधीच जळून गेलेली काळी जागा किंवा उघडा कातळ गाठा. नाका-तोंडावर सुती कापड धरा, अंगावर सिंथेटिक कपडे असतील तर जास्त सांभाळा. हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवणे फक्त गुडघ्याखालच्या आगीला, तेही कडेने आणि एकट्याने नाही.

११२ किंवा १०१ ला लगेच फोन करा. सीमेवर मोबाइलला कधी कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर लागतो, म्हणून नुसते गाव सांगून थांबू नका. तालुका आणि राज्यही सांगा. आणि हद्दीपलीकडच्या गावात ओळखीचे कुणी असेल, तर पुढचा फोन त्यांना करा. वारा फिरला तर आग तिकडेच जाणार आहे.