चालू ट्यूब का काढायची?

मे संपत आलाय. ताम्हिणीतल्या एका रिसॉर्टच्या जेवणघरात वायरमन घोड्यावर चढून चांगली चालणारी ट्यूब पाव फेरा फिरवून होल्डरमधून काढतोय. खालचा पोरगा नवी वर देतो, जुनी खोक्यात उभी ठेवतो.

“अहो, चालू आहे की ती!”

“आज आहे. जुलैत गेली तर तुम्ही चढणार का?”

जुलै म्हणजे काय, हे इथे सांगावं लागत नाही. 2024च्या जुलैत ताम्हिणीत एकाच दिवसात 500 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला होता. अशात पौडहून माणूस बोलवायचा तर त्याची एक खेप ट्यूबपेक्षा महाग पडते. मुळशीच्या पाण्यावर 1927पासून खाली भिऱ्याला वीज तयार होते. वरच्या गावात मात्र तारेवर फांदी पडली की अंधार.

खोक्यावर छापलेल्या तासांचा अर्थ फारसा कुणाला ठाऊक नसतो. चाचणीतल्या निम्म्या ट्यूबा जायला जेवढे तास लागले, तेवढं ते ‘आयुष्य’. सुरुवातीला क्वचितच एखादी जाते. त्यातले सत्तर-ऐंशी टक्के तास सरले, की एकीमागून एक रांग लागते. ही रांग लागायच्या आत सगळ्या एकदम बदलायच्या. शिवाय उजेड आधीच उतरलेला असतो, फक्त डोळ्यांना सवय झालेली असते. नवी ट्यूब लागली तशी शेजारची जुनी एकदम पिवळट दिसू लागली. तिची टोकं काळवंडली होती.

स्टार्टरही वायरमन सोबतच बदलतो. लुकलुकणारा स्टार्टर नव्या ट्यूबचीही टोकं जाळतो. कव्हरमधले मेलेले किडे तो झटकतो, ट्यूबच्या टोपणावर मार्करने तारीख लिहितो. काढलेल्यांतल्या बऱ्या अडीनडीला ठेवतो. बाकीच्या भंगारात द्यायच्या नाहीत: आत पारा असतो आणि 2016च्या नियमांपासून त्या ई-कचऱ्यात मोडतात.

बाहेरच्या वाटेवर आता एलईडी आहेत. त्याही सरसकट बदलायचा मालकाचा विचार होता. मला तो निव्वळ पैशाचा चुराडा वाटला, वायरमनलाही. 50,000 तास म्हणजे साधारणपणे उजेड सत्तर टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. रोज बारा तास दिवा जळला तरी अकरा वर्षं. त्याआधी दगा देतो तो दिव्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर, ओलीने नाहीतर विजेच्या झटक्याने. म्हणून तिथे त्याने दिवे तसेच ठेवले, फक्त वाळून तडकलेली रबरी गास्केटं बदलली आणि दोन ड्रायव्हर जादा मागवायला सांगितले.