साधी गाठ आणि सोबतीची गरज

स्तनात गाठ हाताला लागली की स्त्रीच्या मनात पहिला विचार येतो तो कर्करोगाचा. तपासणीअंती बहुतेक गाठी साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, निघतात. काही स्त्रियांच्या बाबतीत मात्र प्रश्न तेथे संपत नाही. एक गाठ काढावी, तर वर्षा-दोन वर्षांनी दुसरी लागते. पुन्हा तपासणी, पुन्हा अहवालाची वाट, पुन्हा जागून काढलेल्या रात्री. घरची माणसे पहिल्या खेपेनंतर "साधीच असेल" म्हणून मोकळी होतात. अशा स्त्रीला कोणी आजारी मानीत नाही आणि निरोगी म्हणून तिला स्वस्थ राहता येत नाही.

या गाठींत फायब्रोॲडिनोमा विशेष आढळतो, तो साधारणतः १५ ते ३५ या वयात. तो गुळगुळीत असून बोटांखालून निसटतो. म्हणून इंग्रज डॉक्टरांनी त्याला 'स्तनातील उंदीर' असे नाव दिले. नाव विनोदी खरे, पण समर्पक आहे. तिशी-चाळिशीनंतर पाण्याच्या गाठी होतात. सुईने पाणी काढल्यास त्या बसतात, कधी पुन्हा भरतात. रजोनिवृत्तीनंतर हा त्रास सहसा ओसरतो. १९८७ साली कार्डिफ येथील शल्यचिकित्सक ह्यूजेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, यांतील बहुतेक बदल हे रोग नसून स्तनाच्या नैसर्गिक वाढीतील व उतरणीतील फेरफार होत. 'रोग' हा शब्द गळाला, एवढ्यानेही अनेकींना धीर येईल.

खरा धीर येतो तो यातून गेलेल्या दुसऱ्या स्त्रीकडून. महिला बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब मोकळेपणाने होतो. छातीतील गाठीचा विषय निघत नाही. एकीने तो काढला की आणखी एखादी बोलू लागते. सुईची तपासणी कितपत दुखते, डॉक्टरीणबाई कोणत्या वारी भेटतात, जुने अहवाल फाईलमध्ये का जपावेत, हे अनुभवीच सांगू शकते. तालुक्याला जाताना एस. टी.त शेजारी बसायला तीच येते.

या सोबतीला एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळली पाहिजे. "माझी साधी निघाली, तुझीही तशीच असेल" हे वाक्य कोणीही उच्चारू नये. नवी गाठ, मग ती पाचवी का असेना, नव्यानेच तपासली पाहिजे : हाताने, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीने आणि जरूर तर सुईने. गाठ झपाट्याने वाढणे, त्वचा आत ओढली जाणे, स्तनाग्रातून रक्त येणे, काखेत गाठ लागणे, यांपैकी काही दिसल्यास एक दिवसही दवडू नये. लेप व शेक यांत महिने घालविणे घातक ठरते.

प्रशिक्षित हातांनी केलेल्या तपासणीचे मोल मुंबईत दिसून आले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर सुरू केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्य सेविकांनी ठराविक काळाने तपासलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले.

शासकीय तपासणी मोहिमेत तिशीपासूनच्या स्त्रिया येतात. फायब्रोॲडिनोमा तर त्याआधीच, शाळा-महाविद्यालयाच्या वयात उद्भवू शकतो. या मुलींपर्यंत पोहोचणारी पहिली व्यक्ती बहुधा शिक्षिका असते. मुलगी दबकत काही सांगू लागली, तर तिला आशा सेविकेकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतः घेऊन जावे. ग्रामपंचायतीने तपासणीच्या दिवशी एक बंद दाराची खोली उपलब्ध करून द्यावी. पडद्याआडची जागा या कामास पुरत नाही.