पाय बधिर, दोष कुठे?

वजू करताना एका पायाला पाणी थंडगार लागते, दुसऱ्याला नुसते ओले. पायातून चप्पल कधी निसटली ते कळत नाही. घरातल्या बाईने असे सांगितले की उत्तर ठरलेले असते, "अशक्तपणा असेल, कमरेची नस दबली असेल." मग कमरेचा एमआरआय निघतो, त्यात काही सापडत नाही आणि त्रास 'मनाचा' ठरतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार बहुधा 20 ते 40 या वयात सुरू होतो आणि बायकांत जास्त आढळतो. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायलिन नावाचे वेष्टन खराब करते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. म्हणून पाय बधिर असले तरी दोष पाठीत किंवा थेट मानेत असू शकतो, आणि कमरेच्या तपासणीत तो दिसत नाही.

कुठे बघायचे, हे ठरते साध्या सामानावर: कापूस, टाचणी आणि ट्यूनिंग फोर्क. रुग्णाने डोळे मिटायचे. कापूस लागला का? टाचणी टोचली, की नुसता स्पर्श झाला? 128 हर्ट्झचा फोर्क घोट्याच्या हाडावर ठेवला तर थरथर जाणवते का? पायाचा अंगठा वर केला की खाली? वेदना आणि थंड-गरम यांची वाट मज्जारज्जूत दुसऱ्या बाजूला ओलांडून जाते. कंपन आणि अवयवाच्या स्थितीची वाट त्याच बाजूने वर चढते. त्यामुळे एका पायाला थरथर कळत नाही आणि दुसऱ्याला गरम-थंड कळत नाही, असे खरेच होते. ते ढोंग नव्हे. (सोबतच्यांनी मात्र मधेच उत्तरे देऊ नयेत. आपल्याकडे ही खोड फार!)

यानंतर टाचणी पायापासून वर पोटाकडे, पाठीकडे नेतात. जिथे ती एकदम टोचू लागते, ती रेषा महत्त्वाची. बेंबीची पातळी म्हणजे छातीच्या भागातली दहावी नस, स्तनाग्राची चौथी. दोष त्या रेषेपाशी किंवा तिच्याही वर असतो, म्हणून मान आणि पाठ दोन्हींचा एमआरआय लागतो. संकोचाने पोट-पाठ तपासू दिली नाही, तर ही रेषा सापडतच नाही. महिला डॉक्टर मागावी, घरातली बाई सोबत ठेवावी, बाकी अंग चादरीने झाकून घ्यावे. पण तपासणी टाळू नये.

आणखी दोन गोष्टी आपणहून सांगाव्यात. मान पुढे वाकवताच पाठीतून विजेसारखा झटका उतरतो का? लेर्मित या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने हे लक्षण ओळखले जाते. दुसरी गोष्ट लाजेची: गुप्तांगाभोवतीचा बधिरपणा, लघवी अडकणे किंवा न आवरणे. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर त्रास तात्पुरता वाढत असेल तर तेही सांगावे.

बधिरपणा म्हणजे हाच आजार, असे मात्र नाही. बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही कंपनाची जाणीव जाते, आणि ती रक्ततपासणीत कळते.

लघवी अडली, किंवा काही तासांत वा दिवसांत बधिरपणा वर चढू लागला, पाय लुळे पडू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.