विश्लेषण : फोटोतला ‘राणी’ रंग साडीत का सापडत नाही?

लग्नसराईच्या तोंडावर मोबाइलवर पाहून साडी मागवायची, पार्सल उघडायचे आणि ‘फोटोत रंग असा नव्हता’ म्हणत ती परत पाठवायची, हा अनुभव आता घरोघरचा झाला आहे. ग्राहकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते, तर परतीच्या पार्सलचा भुर्दंड अनेकदा विणकराला किंवा छोट्या विक्रेत्याला बसतो. प्रत्यक्षात दोघेही खरे बोलत असू शकतात. मधल्या वाटेत बदललेली असते ती रंगाची संपृक्तता.

संपृक्तता म्हणजे नेमके काय?

कोणत्याही रंगाचे वर्णन तीन गोष्टींनी करता येते. पहिली रंगछटा, म्हणजे तो लाल, हिरवा की निळा. दुसरी उजळपणा, म्हणजे तो किती प्रकाशमान वा किती काळसर. तिसरी संपृक्तता, म्हणजे त्या छटेत पांढऱ्या किंवा करड्याची सरमिसळ किती कमी. टोमॅटो आणि वीट दोन्ही लालच. पण विटेच्या लालात करडेपणा अधिक, म्हणून तिची संपृक्तता कमी.

रोजच्या बोलण्यात मात्र या गोष्टींची गल्लत होते. मोतिया रंगही ‘फिका’ आणि धुऊन विटलेला लालही ‘फिका’. ‘गडद दाखवा’ म्हटल्यावर दुकानदार कधी काळपट साडी काढतो, तर कधी भडक. बॉटल ग्रीन गडद आहे, पण भडक नाही. पोपटी भडक आहे, पण गडद नाही. भडकपणा हा संपृक्ततेचा गुण, तर गडदपणा उजळपणाच्या मोजपट्टीवरचा.

रंगाची शुद्धता कशी मोजतात?

न्यूटनने १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात रंगांचे वर्तुळ मांडले. त्याच्या मध्यभागी पांढरा होता आणि कडेकडे जावे तसा रंग तीव्र होत जाई. याच कल्पनेला ‘सीआयई’ या प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३१ मध्ये गणिती रूप दिले. त्यांचा रंगनकाशा घोड्याच्या नालेसारखा दिसतो. त्याच्या वक्र कडेवर एकाच तरंगलांबीचे प्रकाश असतात आणि आतल्या भागात पांढरा. पांढऱ्या बिंदूपासून निघालेली रेषा नमुन्याच्या रंगातून थेट कडेपर्यंत न्यायची. नमुना निम्म्या वाटेवर असेल तर शुद्धता ५० टक्के. लेझरचा प्रकाश जवळपास कडेवर, म्हणजे १०० टक्क्यांच्या आसपास असतो.

गंमत म्हणजे राणी रंगाला स्वतःची तरंगलांबीच नाही. इंद्रधनुष्यात तो सापडत नाही. वर्णपटाच्या लाल आणि जांभळ्या टोकांचे प्रकाश एकत्र आले की डोळ्यांना तो जाणवतो. नालेची दोन टोके जोडणाऱ्या सरळ रेषेवर त्याच्या कुळातले सर्वात तीव्र रंग असतात.

येथे ‘शुद्ध’ हा शब्द प्रकाशाबद्दल आहे, मालाच्या अस्सलपणाबद्दल नाही. वनस्पतिजन्य रंगांत रंगवलेले सूत अनेकदा रासायनिक रंगांपेक्षा कमी संपृक्त दिसते. म्हणून ते कमअस्सल ठरत नाही.

मोबाइल रंग भडक का करतो?

मोबाइलचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांतून रंग घडवतो. त्यामुळे सीआयईच्या नालेतला एक त्रिकोणच त्याला दाखवता येतो. संकेतस्थळांवरील बहुतेक चित्रे १९९६ मध्ये मांडलेल्या ‘एसआरजीबी’ या त्रिकोणासाठी असतात. नव्या फोनचे पडदे बहुधा त्याहून मोठ्या त्रिकोणाचे असतात. फोन ‘व्हिव्हिड’ मोडवर असला की लहान त्रिकोणातले रंग ताणून मोठ्यात बसवले जातात आणि साधा लालही झळझळीत होतो.

त्यात भर पडते फोटो सुधारण्याच्या पट्टीची. फोटोतला एखादा ठिपका लाल २००, हिरवा १००, निळा १०० असा असेल तर संगणकाच्या एका रूढ गणितानुसार त्याची संपृक्तता ५० टक्के होते. हिरवा व निळा ५० वर आणले की ती ७५ टक्के. लाल किंवा निळा २५५ या कमाल आकड्याला भिडला की वस्त्राच्या चुण्या आणि बारीक बुट्टी रंगाच्या सपाट पट्ट्यात हरवतात. उलटही घडते. एखादी तीव्र मोरपंखी छटा त्या त्रिकोणाबाहेर पडते आणि साडी फोटोपेक्षा प्रत्यक्षात अधिक खुलते.

दिवा आणि शेजारचा रंग काय करतात?

एलईडी दिव्यांवर ‘सीआरआय’ हा आकडा असतो. तो आठ सौम्य नमुना-रंगांच्या सरासरीतून काढतात. तीव्र लाल रंगाची चाचणी त्यात धरत नाहीत. त्यामुळे ८० सीआरआयच्या दिव्याखालीही कुंकवाचा लाल मलूल दिसू शकतो.

शेजारचा रंगही फसवतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजीन शेव्हरल यांच्याकडे पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यातील रंगाईची जबाबदारी होती. काळा धागा फिका दिसतो, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या. तपासाअंती दोष रंगाईत नव्हे, तर शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या परिणामात निघाला. १८३९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. पैठणीत तर धूपछाव असते. ताणा आणि बाणा वेगवेगळ्या रंगांचे असल्याने कोन बदलला की रंग बदलतो. एकच फोटो त्यातला एकच कोन पकडतो.

मग करावे काय?

विक्रेत्याने दिवसा सावलीत फोटो काढावा, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवावा, संपृक्ततेच्या पट्टीला हात लावू नये आणि पदर हलवतानाची छोटी चित्रफीत द्यावी. ग्राहकाने फोन ‘नॅचरल’ मोडवर ठेवावा आणि साडी हातात धरलेला फोटो मागावा. कागदावर पिवळी वा निळी झाक असेल तर शंका दिव्यावर घ्यावी. कागद पांढरा आणि हाताची त्वचा मात्र केशरी दिसत असेल, तर रंग वाढवलेला असण्याची शक्यता अधिक. एवढी पडताळणी पैसे भरण्याआधी झाली, तर पुष्कळ साड्यांचा परतीचा प्रवास टळेल.