उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजमध्ये वर्ग: मुलांसोबत आई-वडिलांनीही का बसावं?

उर्दू शाळेतून दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी अकरावी कॉमर्सला मराठी माध्यमात जाते आणि पहिल्याच आठवड्यात गप्प होते. सर फळ्यावर गुणोत्तर शिकवतात, सरासरी काढायला सांगतात, समीकरण मांडतात. हे सगळं तिला येतं. फक्त ती ते निस्बत, औसत आणि मुसावात या नावांनी शिकलेली असते. विचारायला लाज वाटते. दिवाळीपर्यंत घरी एकच वाक्य ऐकू येतं, "अम्मी, मुझे नहीं जमता." पुढच्या वर्षी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तर कुणाला नवल वाटत नाही.

मूल मराठी शाळेतलं असलं तरी त्याचीही वेगळी अडचण असते. वाचता येतं, पण वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही. दोन्ही अडचणींवर वेळ द्यायचा तर तो मे-जूनमध्येच मिळतो. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपत आल्यावर उघडतात. म्हणजे यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेडच्या मुलांची सुट्टी पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षाही लांब.

लांब सुट्टीत काय होतं, यावर अमेरिकेत बरंच संशोधन झालंय. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यास एकत्र तपासले. सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभराच्या अभ्यासाइतकी मागे गेलेली आढळली, आणि गणितात जास्त. वाचनात मात्र फरक घराप्रमाणे पडला. खात्यापित्या घरची मुलं टिकून राहिली, गरीब घरची घसरली. कारण उघड आहे: एका घरात सुट्टीतही पुस्तकं हाताशी असतात, दुसऱ्या घरात मूल वडिलांच्या गाडीवर फळं विकायला उभं असतं. ते गाडीवर उभं राहतं यात वाईट काही नाही. तिथेही हिशेब शिकता येतो. पण तो हिशेब कुणीतरी वहीत उतरवून घ्यायला हवा.

अमेरिकेत हे काम बरीच कम्युनिटी कॉलेजं करतात. एरवी नोकरी करणाऱ्या प्रौढांना शिकवणारी ही कॉलेजं उन्हाळ्यात मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी छोटे वर्ग भरवतात: विज्ञान, चित्रकला, स्वयंपाक, कॉम्प्युटर. परीक्षा नसते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, पण तिचा भर तरुणांच्या कौशल्य प्रमाणपत्रांवर आणि डिप्लोमांवर राहिला. लहान मुलं आणि त्यांचे आई-वडील त्यात बसत नाहीत.

मग कॉलेजला कोणत्या आधारावर विचारायचं? आधार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ असं स्वतंत्र मंडळच सांगितलंय. कॉलेजने वर्गाबाहेर पडून समाजापर्यंत शिक्षण न्यावं, हे विस्तारकार्य त्याच्या कामातच येतं. आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्यामुळे प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जाताना "मेहेरबानी करा" असा सूर लावायची गरज नाही. "विस्तारकार्यात हा उपक्रम घ्या, एनएसएसची मुलं-मुली शिकवायला द्या," असं सरळ म्हणता येतं.

आई-वडिलांनी सोबत बसायची कल्पनाही परकी नाही. २०२२ मध्ये राज्यातल्या शाळांमध्ये 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी मेळावे झाले. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे गट केले गेले. एप्रिलच्या मेळाव्यापासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत त्या आयांनी घरातल्याच वस्तू वापरून मुलांकडून छोट्या कृती करून घ्यायच्या होत्या. डाळी वेगळ्या करणं, चमचे मोजणं, कपड्यांच्या घड्या लहान-मोठ्या लावणं. स्वतः फार न शिकलेल्या आईलाही हे जमतं, हे त्यात गृहीतच धरलेलं होतं.

त्याहून जुनी गोष्ट तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातली आहे, आणि आपल्या घरांत ती क्वचितच सांगितली जाते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद झाली. तिथल्या ठरावांवरून अभ्यासक्रम तयार करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन, पुढे देशाचे राष्ट्रपती झाले ते. ख्वाजा गुलाम सय्यदैन हेही त्या समितीत होते. मुलांना सात वर्षं मोफत शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हाताच्या एखाद्या उद्योगाभोवती गुंफलेलं, असा तो आराखडा. सूत कातता कातता मोजमाप, कापसाचा भूगोल, हिशेब. १९४५ मध्ये गांधीजींनी या 'नई तालीम'ची व्याप्ती वाढवून प्रौढ शिक्षणही तिच्यात घेतलं. मूल एकटं शिकून भागणार नाही, घरालाही शिकावं लागेल, हे तेव्हाच लक्षात आलं होतं.

टकळी आता कुणी मागत नाही. पण कापूस तर आपल्याच जिल्ह्याचा. जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या वडिलांना वर्गात एक दिवस बोलवा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. एक गठाण १७० किलोची. मग एका गठाणीला किती क्विंटल कापूस लागला? सातवीचं मूल पाचचं उत्तर काढतं, आणि वडील ते आधीपासून तोंडी जाणतात. शेकडेवारी कशाला म्हणतात, हे त्या मुलाला पुन्हा समजावावं लागत नाही. वडिलांनाही त्या दिवशी वर्गात मान मिळतो. मला हा फायदा गणिताइतकाच मोठा वाटतो.

यवतमाळ शहरातल्या मुलांसाठी पाण्याचा हिशेब आहे. निळोणा आणि चापडोह ही धरणं त्यांच्या ऐकण्यात असतात. घरात एका दिवसात किती बादल्या लागल्या, एक बादली किती लिटरची, कूलरला किती गेलं, आठ दिवस नळ आला नाही तर ड्रम पुरेल का? आईने मोजायचं, मुलाने लिहायचं, आठवड्याने वर्गात तक्ता लावायचा.

भाषेसाठी सगळ्यात सोपं साधन फुकट आहे. बालभारती एकाच इयत्तेचं गणित आणि विज्ञान उर्दूतही छापते आणि मराठीतही, आणि ही पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. दोन्ही पुस्तकांतला तोच धडा शेजारी शेजारी ठेवायचा आणि शब्दांची वही करायची. रकबा म्हणजे क्षेत्रफळ, कसर म्हणजे अपूर्णांक, मुसल्लस म्हणजे त्रिकोण. रोज दहा शब्द धरले तर सहा आठवड्यांत साडेतीनशेच्या वर होतात, रविवार सोडूनसुद्धा. अकरावीतली ती गप्प मुलगी एवढ्यानेही पहिल्या आठवड्यात बोलू लागेल. वाचनासाठी 'किशोर' मासिक आहे. बालभारती ते १९७१ पासून काढते.

आई-वडिलांच्या वर्गात मात्र पाठ्यपुस्तक नको. त्यांनी घरातली कागदपत्रं आणावीत: वीजबिल, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, गावी शेत असेल तर सातबारा. सातबारावर कुणाचं नाव आहे, वारसाची नोंद झाली का, फेरफार कुठला, हे वाचता न आल्याने किती घरांत भावाभावांचं बोलणं बंद झालंय, ते आपण पाहतोच. गंमत म्हणजे वारसा, तहसील, तालुका हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले. उर्दू जाणणाऱ्या आजोबांना ते ओळखीचे निघतात आणि नातवाला देवनागरी वाचता येते. दोघांना एका बाकावर बसवलं की अर्धं काम होतं.

वेळ सकाळी ७ ते ९. नवतप्यात दहानंतर मुलांना बाहेर काढणं धोक्याचं आहे. पण बऱ्याच मुलांचा मकतब सकाळीच असतो, म्हणून मौलाना साहेबांशी आधी बोलून सुट्टीपुरती वेळ मागेपुढे करून घ्यावी. नाहीतर दहा दिवसांत हजेरी निम्मी होते आणि दोष मुलांच्या माथी जातो. सध्या बकरी ईद मे-जूनच्या आसपास येते, दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकत. तो आठवडा वेळापत्रकात आधीच कोरा ठेवावा.

कॉलेजकडून सगळ्यात पहिली अडचण येईल ती खोल्यांची. बाहेरच्यांना वाटतं मे महिन्यात कॉलेज रिकामं असतं. प्रत्यक्षात विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा तिथेच चालू असतात. म्हणून अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच द्यावा आणि परीक्षेच्या इमारतीपासून लांबच्या, तळमजल्यावरच्या दोनच खोल्या मागाव्यात. एक मुलांसाठी, एक मोठ्यांसाठी. पिण्याचं पाणी, चालू पंखे आणि मुलींसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह, या तीन गोष्टी अर्ज देण्याआधी स्वतः जाऊन पाहाव्यात.

दोन खोल्या शेजारी असाव्यात, याला आणखी एक कारण आहे. सातवी-आठवीनंतरच्या मुलीला सुट्टीत कुठे पाठवायचं म्हटलं की घरात प्रश्न सुरू होतात: कुणासोबत जाणार, कोण शिकवणार, परत कशी येणार. अम्मी शेजारच्या खोलीत बसलेली असेल तर यातले बहुतेक प्रश्न निघतच नाहीत. दोघी सोबत जातात, सोबत येतात. म्हणून नावनोंदणीचा फॉर्म एका मुलाच्या नावाने न ठेवता एका घराच्या नावाने ठेवावा: वर मोठ्यांपैकी एकाचं नाव, खाली मुलांची. वडील सकाळी कामावर जात असतील तर आई, आई जिनिंगला जात असेल तर दादी किंवा फुफी, कुणीही चालेल.

फी नाममात्र असावी, आणि वही-पेन्सिल त्यातूनच द्यावी. फॉर्मवर शेवटी एक ओळ जरूर असू द्या: "यंदा शाळा सोडलेलं मूल घरात आहे का?" त्या ओळीवर 'हो' लिहिलेल्या घरी पहिल्याच आठवड्यात जाऊन भेटावं. त्या मुलाला शाळेत परत बसवता येतं का ते पाहावं, आणि वय वाढल्यामुळे शाळा घेत नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून कसं बसायचं, हे मोठ्यांच्या वर्गात एक दिवस ठेवून समजावून द्यावं. जून संपेपर्यंत थांबलं तर ते मूल तोवर कुठल्यातरी गॅरेजमध्ये किंवा हैदराबादच्या कामावर लागलेलं असतं.